आईचा पत्ता



तुमची आई कुठे राहते? तुम्ही लगेच म्हणाल, "हे काय विचारणे झाले! आई आमच्याजवळच राहते." ठीक आहे. पण कागदावर ती कुठे राहते? शिधापत्रिकेत तिचे नाव आहे का? मतदार यादीत ते कोणत्या गावी आहे? आधार कार्डावर तिच्या जन्माचे कोणते साल छापले आहे? हे तुम्ही स्वतः वाचून पाहिले आहे का?

पुष्कळांनी पाहिलेले नसते. ज्ञानोबानेही पाहिले नव्हते. ज्ञानोबा म्हणजे कोण? समजा, तुमच्या-आमच्यासारखाच एक शेतकरी. त्याची गोष्ट ऐका.

तीन मुलांची आई

ज्ञानोबाला दोन भाऊ. थोरला पुण्याला हमाली करतो. धाकटा शेजारच्या जिल्ह्यात वीटभट्टीवर आहे. ज्ञानोबा गावी राहून दोन एकर कोरडवाहू जमीन कसतो आणि मजुरीला जातो.

चार वर्षांपूर्वी वडील वारले. तेव्हा भावांनी ठरवले, आईने प्रत्येकाकडे चार-चार महिने राहावे. आईने एक गाठोडे बांधले. चार महिने पुणे, चार महिने वीटभट्टी, चार महिने गाव. कोणी तिला उपाशी ठेवले नाही. पण तिघांच्या शिधापत्रिका वेगळ्या होत्या. थोरल्याला वाटले, आईचे नाव ज्ञानोबाने घातले असेल. ज्ञानोबाला वाटले, धाकट्याने घातले असेल. गाठोडे फिरत राहिले, नाव कुठेच उतरले नाही.

पुढे आईचे गुडघे धरले. मजुरी सुटली. औषधाला पैसे लागू लागले. दर वेळी मुलाजवळ मागायचे, म्हणजे आधी सुनेच्या तोंडाकडे पाहायचे. आई मागेनाशी झाली. रात्री कण्हत पडायची.

कोरा अर्ज

एके दिवशी बाजारात एक माणूस भेटला. म्हणाला, "म्हातारीला सरकारी पगार सुरू करून देतो. तीन हजार रुपये द्या. तुम्ही काही करू नका. नुसता आजीचा अंगठा लागेल."

दुसऱ्या दिवशी तो भरलेला अर्ज घेऊन घरी आला. शाईची डबीही त्याने बरोबर आणली होती.

ज्ञानोबा आदल्या हिवाळ्यात रात्रीच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकला होता. त्याने अर्ज हातात घेतला. ओळीखाली बोट ठेवून तो सावकाश वाचू लागला. एका ओळीवर त्याचे बोट थांबले.

आई चुलीपाशी बसली होती. तिने विचारले, "काय लिहिलंय रे?"

ज्ञानोबा गप्प.

"वाच की मोठ्यानं!"

ज्ञानोबाने वाचले, "मुले : नाहीत."

आई भिंतीला धरून उठली. "तीन लेकरं जिवंत असताना नाहीत म्हणून अंगठा देऊ? दीड हजारापायी तुमचं मरण लिहून देऊ? ने तो कागद!"

दलाल हसला. "अहो आजी, सगळे असंच लिहितात. कोण वाचतंय?"

ज्ञानोबा म्हणाला, "मी वाचलं ना!"

दलाल गेला. त्याचे तीन हजार वाचले. पण नुसते तेवढेच वाचले असे नाही. खोटी माहिती देऊन घेतलेले सरकारी पैसे परत वसूल होतात. अंगठा आईचा असतो, म्हणून जाब आईलाच द्यावा लागतो. दलाल तोवर दुसऱ्या गावच्या बाजारात असतो.

हे हात पसरणे आहे का?

ज्ञानोबा ग्रामपंचायतीत गेला. तिथल्या ग्रामसेवकबाईंना त्याने सगळे सांगितले. आई बरोबर होती. ती म्हणाली, "बाई, मला नको तो पगार. जन्मभर कष्ट केले, आता सरकारपुढं हात पसरू?"

बाई म्हणाल्या, "आजी, आपल्या राज्यघटनेचं ४१ वं कलम आहे. म्हातारपणी, आजारपणी माणसाला सरकारनं साहाय्य करावं, असं त्यात सांगितलंय. तुम्ही जन्मभर शेतं राबवलीत. काडेपेटी घेताना करही भरलात. मग हा हात पसरणं कसा?"

मग त्यांनी योजना समजावून सांगितल्या.

आपल्या राज्यात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. आंधळ्या आई-बापांना कावडीत बसवून नेणाऱ्या श्रावणाचे नाव तिला दिले आहे. वय ६५ वर्षे पूर्ण झालेले हवे. माणूस निदान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी हवा. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे. ते नसेल, तर कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत असावे, आणि तसा तहसीलदारांचा दाखला हवा.

केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनाही आहे. ती दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी आहे. यादीत नाव असले, की केंद्राचा आणि राज्याचा वाटा मिळून रक्कम येते. २०२३ सालापासून ही रक्कम दरमहा १,५०० रुपये आहे.

ज्ञानोबाने विचारले, "बाई, मुलं आहेत असं लिहिलं तर चालेल?"

बाई म्हणाल्या, "खरं असेल तेच लिहायचं. नियमात वय विचारतात, रहिवास विचारतात, उत्पन्न विचारतात. आईला निपुत्रिक करा असं कोणताच नियम सांगत नाही. पण आजींचा पत्ता कुठला? कागद दाखवा."

ज्ञानोबाने आधार कार्ड काढले. त्यावर पत्ता होता पुण्याचा. थोरल्याने तिथे बदलून घेतला होता.

जुन्या यादीतले नाव

कागदावर आई गावची उरली नव्हती. मग ती गावची आहे हे कसे दाखवायचे?

बाईंनी कपाटातून जुनी दप्तरे काढली. २००२ सालच्या पाहणीवरून केलेली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची यादी होती. ज्ञानोबा स्वतः पाने चाळू लागला. एका पानावर त्याला वडिलांचे नाव सापडले. त्याच्या खालच्या ओळीत आईचे नाव होते. मुलांच्या कागदांत जिला जागा मिळाली नव्हती, तिचे नाव नवऱ्याच्या नावाखाली इतकी वर्षे त्या यादीत तसेच होते.

मग एकेक पुरावा निघत गेला. कर आकारणीच्या वहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, वडिलांच्या नावावर घर होते. घरपट्टीच्या जुन्या पावत्या होत्या. मतदार यादीत आईचे नाव अजून गावातच होते. घरी पेटीच्या तळाशी वडिलांची जुनी शिधापत्रिका मिळाली. तिच्यात आईचे नाव होते.

वाचकहो, हे ध्यानात घ्या. माणसाचा रहिवास एकाच कागदात नसतो. तो घरपट्टीत असतो, मतदार यादीत असतो, शिधापत्रिकेत असतो. म्हणून जुना कागद कधी चुलीत घालू नये. वडील वारले म्हणून त्यांचे कागद निरुपयोगी होत नाहीत. आईच्या उपयोगी पडतात.

रहिवासाचा दाखला ग्रामसेवक, तलाठी, मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार किंवा तहसीलदार देतात. तलाठ्यांच्या पाटीवर आता 'ग्राम महसूल अधिकारी' असे लिहिलेले दिसेल. पण गावात आपण त्यांना तलाठीच म्हणतो.

आईने सारी वर्षे महाराष्ट्रातच काढली होती. म्हणून १५ वर्षांची अट तिला अडली नाही. पण समजा, तुमचे वडील कित्येक वर्षे गुजरातेत किंवा कर्नाटकात राहिले आणि नुकतेच तुमच्याकडे आले. तर खोटा दाखला काढू नका. केंद्राची वृद्धापकाळ योजना प्रत्येक राज्यात चालते. ते जिथे राहिले, तिथे त्यांचे निवृत्तीवेतन चालू आहे का, ते आधी विचारा. चालू असेल तर गडबडीत सगळे कागद बदलून ते बंद पाडू नका.

आधी पत्ता, मग वय, मग अर्ज

ज्ञानोबाने क्रम लावून घेतला.

पहिले काम शिधापत्रिकेचे. तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत जाऊन त्याने वडिलांची जुनी शिधापत्रिका दाखवली. तिथले आईचे नाव कमी करून आपल्या शिधापत्रिकेत चढवले. नाव आधी एका पत्रिकेतून कमी करावे लागते, मगच दुसरीत चढते. कमी केल्याचा दाखला जपून ठेवावा.

दुसरे काम आधारच्या पत्त्याचे. आईच्या नावाचे वीजबिल नाही, घर नाही. मग पत्त्याला पुरावा काय? कुटुंबप्रमुखाच्या आधारावरूनही घरच्या माणसाचा पत्ता बदलता येतो. फक्त नाते दाखवावे लागते. नव्या शिधापत्रिकेत 'आई' असे नाते लिहिलेले होते. तोच पुरावा झाला. पहा, एका कागदाने दुसऱ्याला हात दिला.

तिसरे काम वयाचे. आईच्या आधारावर जन्माचे साल होते १९७०. ज्ञानोबाने थोरल्याचा शाळेचा दाखला पाहिला. त्यावर थोरल्याचा जन्म १९७५. म्हणजे आई मुलापेक्षा पाच वर्षांनी मोठी! घरात सगळे हसले. पण ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. आधार काढताना कोणी विचारले, "आजी, वय किती?" आई म्हणाली, "असेल चाळीसेक." त्याने तेच लिहिले. या एका चुकीने तिचे निवृत्तीवेतन कित्येक वर्षे लांबले असते.

आई शाळेत गेली नव्हती. जन्माची नोंदही नव्हती. अशा वेळी काय करावे? वयासाठी मतदार यादीचा उतारा किंवा शिधापत्रिकेतले वय दाखवता येते. तेही नसेल, तर शासकीय किंवा ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक तपासून वयाचा दाखला देतात. ज्ञानोबाने आईला रुग्णालयात नेऊन तो दाखला घेतला. मग आधार केंद्रावर कोणता पुरावा चालतो, ते विचारून तारीख दुरुस्त करून घेतली. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून पुरावा हाती आल्यावाचून घाई करू नये.

आधार केंद्रावर आणखी एक अडचण आली. यंत्र आईच्या बोटांचा ठसा घेईना. खुरपे धरून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. आई ओशाळली. केंद्रावरची मुलगी म्हणाली, "आजी, काळजी नको. डोळ्यांवरून घेऊ." डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटते. म्हणून ठसा उमटत नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर तसेच परत येऊ नये.

या कामांना चार खेपा झाल्या. एस. टी. ला बायांना २०२३ सालापासून अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी झालेल्यांना प्रवास फुकट आहे. आईला अर्धे तिकीट पडले. ज्ञानोबाची मजुरी मात्र चार दिवस बुडाली.

खाते कोणाच्या नावावर?

एवढ्यात थोरल्याचा फोन आला. "आईचं नाव तुझ्या कार्डात घातलंस म्हणे. म्हणजे पगारही तूच घेणार?"

ज्ञानोबाला राग आला. चार खेपा त्याने मारल्या, मजुरी त्याची बुडाली, आणि वर हे! पण तो म्हणाला, "दादा, खातं आईच्या एकटीच्या नावानं काढतोय. पासबुक आईच्या गाठोड्यात राहील. ती तुझ्याकडे आली, तरी पैसे तिच्या खात्यातच येतील."

थोरला जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं केलंस. पासबुकाचा फोटो नको पाठवू. तिच्याकडेच राहू दे."

निवृत्तीवेतनाचे पैसे आता आधारला जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. ते खाते म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावाचे असावे. पासबुक दलालाकडे, दुकानदाराकडे, सावकाराकडे ठेवू नये. मुलानेही हक्क सांगू नये. काढलेली रक्कम आई-वडिलांना मोजून दाखवावी.

आणि हेही ऐका. सरकार पैसे देते म्हणून मुलांची जबाबदारी संपत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला आहे. जी मुले आई-बापांना पाहत नाहीत, त्यांच्याविरुद्ध प्रांताच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. तिथे मुलांना दरमहा १०,००० रुपयांपर्यंत देण्याचा हुकूम होऊ शकतो. पण हुकूम होऊन दिलेल्या पैशाने आईच्या ताटातली भाकरी गोड लागत नाही. ती वेळ येऊ देऊ नये.

पोच घ्या

सगळे कागद जमले. तहसील कचेरीत संजय गांधी योजनेची शाखा असते. श्रावणबाळ योजनेचा अर्जही तिथेच देतात. ज्ञानोबाने अर्ज स्वतः भरला. अडले तिथे ग्रामसेवकबाईंना विचारले. 'मुले' या शब्दापुढे त्याने लिहिले : तीन. मग सगळा अर्ज आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "आता दे शाई." आणि तिने अंगठा उमटवला.

खिडकीवरचा माणूस म्हणाला, "ठेवा तिथं. उद्या-परवा बघतो."

ज्ञानोबा हात जोडून म्हणाला, "साहेब, पोच द्या."

"पोच कशाला? अर्ज काय पळून जातोय?"

"अर्ज पळत नाही, पण माझी खेप वाया जाते. नंबर आणि तारीख असली, म्हणजे मला नीट विचारता येईल."

पोच मिळाली. ज्ञानोबाने ती जागीच वाचली. नाव बरोबर आहे का, तारीख आहे का, शिक्का आहे का, हे पाहिले. मगच खिशात घातली. दाखल्यांसारख्या कामांसाठी आपल्या राज्यात २०१५ सालापासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळायचा, ते कचेरीत फळ्यावर लिहिलेले असते. वेळेत मिळाला नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. पण हातात पोच नसेल, तर अर्ज दिला होता हे कशावरून सांगणार?

पुढे तलाठी चौकशीला आले. नंतर तालुक्याच्या समितीपुढे अर्ज गेला. अर्ज मंजूर झाला.

पहिले पैसे जमा झाल्याची नोंद पासबुकात उमटली, तो बाजाराचा दिवस होता. आईने आधी गुडघ्याचे औषध घेतले. मग नातवंडांना शेव-चिवडा घेतला. सुनेच्या हातावर शंभर रुपये ठेवले. सून नको-नको म्हणत होती.

संध्याकाळी आई ज्ञानोबाला म्हणाली, "ते शिधाचं पुस्तक आण. माझं नाव कुठंशी आहे, दाखव."

ज्ञानोबाने दाखवले. आईने त्यावर बोट ठेवले. "आणि पुढं काय लिहिलंय?"

"आई," ज्ञानोबा म्हणाला.

आईने ते बोट बराच वेळ तिथेच ठेवले.

लक्षात ठेवा

१. आई-वडिलांची शिधापत्रिका, आधार, मतदार यादी व पासबुक समोर ठेवा. चारही ठिकाणी नाव, वय आणि पत्ता एकच आहे का, ते अक्षर-अक्षर लावून पहा.

२. जुने कागद जपा. घरपट्टीची पावती, जुनी शिधापत्रिका, यादीचा उतारा यांवरून रहिवास सिद्ध होतो.

३. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नका, देऊ देऊ नका.

४. मूळ कागद कोणाला देऊन टाकू नका. झेरॉक्स द्या. मूळ कागद दाखवून परत घ्या.

५. अर्ज दिला की पोच घ्या, आणि ती वाचा.

६. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पैसे थांबतात. निवृत्तीवेतन घेणारा माणूस वारला, तर तहसील कचेरीत कळवा. त्याच्या नावाचे पैसे पुढे काढू नका.

७. मंजुरीसाठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

८. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल, तर आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचा आधार मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.

विचार करा आणि सांगा

१. आईचे नाव कोणाच्याच शिधापत्रिकेत का नव्हते? चूक कोणाची?

२. आईने दलालाच्या अर्जावर अंगठा का दिला नाही? तुम्ही असता तर काय केले असते?

३. आई गावची आहे, हे कोणकोणत्या कागदांवरून दिसले?

४. ज्ञानोबाने पोच का मागितली?

आज घरी करा

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्याचे आधार कार्ड त्याला मोठ्याने वाचून दाखवा. नाव, जन्माचे साल, पत्ता, सगळे वाचा. "हे बरोबर आहे का?" असे त्याला विचारा. जे चूक असेल ते वहीत लिहून घ्या, आणि पुढच्या वर्गाला येताना ती वही घेऊन या.